जॉनर म्हंजे काय आणि थीम म्हंजे काय? माझं गुऱ्हाळ तिथंच अडलंय

चिपाड_चोर | सोमवार, रात्री ११.४०
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. मी कोल्हापूरचा, नोकरी एमआयडीसीत, रात्री जेवण झालं की पटकथा लिहितो. दीड वर्ष झालं, ११८ पानं झालीत. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसानं मुंबईतल्या एका निर्मात्याच्या ऑफिसात पोचवली. तिथनं फोन आला आणि दोनच प्रश्न. जॉनर काय? थीम काय? मी म्हटलं जॉनर ग्रामीण आणि थीम शेतकऱ्यांच्या समस्या. पलीकडनं "हं" एवढंच आलं आणि मग फोनच आला नाही.
गोष्ट थोडक्यात सांगतो. अण्णांचं गुऱ्हाळघर, तीन पिढ्यांचं, आता तोट्यात. पोरगा प्रदीप, पुण्यातली नोकरी गेली म्हणून परत आलाय. त्याला गुळाचं याड लागतं, नोकरीतनं मिळालेले सगळे पैसे गुऱ्हाळात घालायचं ठरवतो. पहिली तीस पानं हसूनहसून लोळाल अशी आहेत, गुळव्या (गूळ करणारा कारागीर) आणि प्रदीपची जुगलबंदी. मग एका रात्री गुऱ्हाळ जळतं. कुणी जाळलं याचा तपास सुरू, इन्स्पेक्टर येतो, चुलत्यावर संशय, व्यापाऱ्यावर संशय. ९६ पानावर कळतं की अण्णांनीच जाळलं. मग बाप-लेक रडतात. संपलं.
आता मला सांगा ह्याचा जॉनर काय आणि थीम काय. पुस्तकी व्याख्या नको, त्या वाचून झाल्यात, डोक्याचा इस्कोट झालाय.

खासबाग_कट्टा | सोमवार, रात्री ११.५२
जॉनर गोड, थीम चिकट. पुढचा प्रश्न.

मीनल_शाहूपुरी | मंगळवार, सकाळी ७.१५
चिपाडराव, "शेतकऱ्यांच्या समस्या" ही थीम नाही हो, तो विषय झाला. शाळेत निबंधाला देतात तसा. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल तुमची गोष्ट काय म्हणते ते. आणि ती अशी पाहिजे की समोरचा म्हणू शकेल, छे, मला नाही पटत. "शेतकऱ्यांचे हाल होतात" ह्यावर कोण भांडणार? पण "मरायला टेकलेला धंदा पोराच्या हातात देणं हे प्रेम नाही, पाप आहे" असं म्हटलंत तर आमच्या घरात आत्ता दोन तट पडतील.
शोधायची माझी पद्धत सोपी आहे. शेवटी मुख्य माणूस कुठला निर्णय घेतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढं बघायचं. तुमच्या गोष्टीत निर्णय अण्णांचा आहे. मग किंमत कोण मोजतंय? मला तरी कुणीच दिसेना. दोघं रडतात आणि मोकळे होतात.

पेठेतला_पंच | मंगळवार, सकाळी ९.०५
मीनलताईंनी थीम सांगितली, मी जॉनर सांगतो. भावा, कुस्तीच्या पोस्टरवर काय लिहिलेलं असतंय? निकाली कुस्ती. आता पब्लिक उन्हात तीन तास बसलंय, लाल मातीत दोन पैलवान पाऊण तास खडाखडी करतात आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतो. काय होतंय मग? कुस्ती वाईट होती का? नव्हती. पण तुम्ही कबूल केलेलं काय आणि दिलं काय. जॉनर म्हंजे ती कबुली. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही प्रेक्षकाला सांगता की बाबा तुला हसवणार हाय, का घाबरवणार हाय, का कोडं घालणार हाय. "ग्रामीण" म्हंजे कबुली न्हाई, तो पत्ता झाला.
तू तीस पानं विनोदाची कबुली देतोस आणि मग इन्स्पेक्टर आणतोस. पब्लिक म्हणणार, आरं गुळव्या कुठं गेला?

संवादवाला | मंगळवार, दुपारी १.३०
मला हे सगळं उलटं वाटतं. मी मालिकांचे संवाद लिहितो, आठवड्याला ढिगानं पानं निघतात, आणि थीम ठरवून लिहायला बसलो की पात्रं भाषण ठोकायला लागतात हा स्वानुभव आहे. एकदा एका चॅनेलच्या मीटिंगमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरात थीम लिहून ठेवली होती, "नात्यांची वीण" की असलंच काहीतरी. पुढचे चाळीस एपिसोड प्रत्येक बाई येऊन नात्यांच्या विणीवर बोलत होती. सासू, सून, मोलकरीण सगळ्या! तेव्हा आधी गोष्ट लिहा, जॉनर-बिनर विकणाऱ्याला ठरवू दे. त्याला पोस्टर छापायचंय, तुम्हाला नाही.

मीनल_शाहूपुरी | मंगळवार, दुपारी १.४८
@संवादवाला, थीम भिंतीवर लिहिली म्हणून घोळ झाला नाही, पात्रांच्या तोंडात घातली म्हणून झाला. आणि चिपाडरावांची ११८ पानं लिहून झालीत आधीच. आता नाही बघायचं तर कधी?

जत्रेतला_वग | मंगळवार, सायंकाळी ६.२०
पंचांशी अर्धा सहमत. मिसळ करू नये हे मला नाही पटत. तमाशात काय असतं? आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. म्हणजे देवाला नमस्कार, मग कृष्णाची आणि मावशीची थट्टा, मग चावटपणा, मग वगात माणूस मरतोसुद्धा आणि बाया पदरानं डोळे पुसतात. एकाच रात्रीत सगळे रस. मग पब्लिक का चिडत नाही? कारण क्रम ठाऊक आहे. गवळणीत हसतानाच माहीत असतं की वग यायचाय. तेव्हा चिपाड_चोर यांनी विनोद जरूर ठेवावा, पण त्या हसण्यातच कुठंतरी आगीचा वास आला पाहिजे. पहिल्या पानापासून.

शिवाजी_पेठ_फॉरवर्ड | मंगळवार, सायंकाळी ६.२५
मिसळ म्हटल्यावर आलो. कुठली बोलालाय?

खासबाग_कट्टा | मंगळवार, सायंकाळी ६.२८
आला बघा. आता ह्यांच्यात पाव का ब्रेड यावर दोनशे प्रतिसाद.

शिवाजी_पेठ_फॉरवर्ड | मंगळवार, सायंकाळी ६.३१
ब्रेडच. ह्यात चर्चा कसली?

[मधले २३ प्रतिसाद मिसळीच्या वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयावर या. – संपादक]

जुना_प्रेक्षक | मंगळवार, रात्री ९.५०
माझं वय ७४, टायपिंगला वेळ लागतो. तुम्ही मंडळी जॉनर हा शब्द फार नवा असल्यासारखं बोलताय. शब्द नवा, भांडण जुनं. आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. तेव्हा चलती पौराणिकची. लोकांना देव आणि राक्षस बघायचे असायचे, कबुलीच तशी. त्याच माणसानं १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. ना देव ना राक्षस, कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांतारामांनी केलेलं, प्रभात फिल्म कंपनी सुरू व्हायच्या आधी चार वर्षं. मूळ कथा नारायण हरी आपट्यांची.
आता गंमत बघा. मूकपट. पात्राच्या तोंडात थीम घालायची सोयच नाही! जे काय सांगायचं ते झोपडीतल्या अंधारानं, माणसाच्या पाठीनं, बंद दारानं. पुढं १९३६ मध्ये पेंटरांनी तोच विषय बोलपट म्हणून पुन्हा काढला. तुमच्या पटकथेतले सगळे संवाद एकदा पेन्सिलीनं खोडा आणि वाचा. मग जे उरतं त्यात थीम आहे का पाहा. नसेल तर ती नुसती बोलण्यात होती.
खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथनं रोज जाता, एकदा थांबून बघा.

चिपाड_चोर | मंगळवार, रात्री ११.१०
सगळ्यांचे आभार. काका, संवाद खोडून बघितले. पहिली तीस पानं जवळजवळ कोरी झाली, वाईट वाटलं. पण मंग एक कळलं, ९६ पानाच्या अलीकडं अण्णा सीनमध्ये असतात पण काहीच करत नाहीत. रहस्य फुटू नये म्हणून मीच त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवलंय. सगळ्यात महत्त्वाचा माणूस आणि मी त्याच्यावर कॅमेराच नेत नाही.

काकवी | बुधवार, सकाळी ६.४०
माफ करा, सिनेमातलं कळत नाही पण आमचं स्वतःचं गुऱ्हाळ हाय, पन्हाळ्याच्या बाजूला, म्हणून लिवालोय. तुमच्या गोष्टीत ते इन्स्पेक्टर कुणी जाळलं म्हणून का शोधतोय? अहो गुऱ्हाळाला आग लागली तर पयला संशय माणसावर जात न्हाई. चुलवाण दिवसभर पेटलेलं, शेजारी वाळल्या चिपाडाची ही मोठी रास, वारं सुटलं आणि एक ठिणगी उडाली की झालं. रॉकेल नको, काडीपेटी नको. तलाठी येणार, पंचनाम्यात अपघात लिवणार, चा पिऊन जाणार. मग शिव्या कुणाला? चुलवाणात जाळ घालणारा गडी असतोय त्याला. रात्री शेवटचं आदण (एका वेळी काहिलीत उकळायला घातलेला रस) उतरल्यावर जाळ नीट इझवला न्हाईस म्हणून. त्याला पुढच्या हंगामाला कुणी बोलवत न्हाई.
आणि गुळव्या एवढं बोलत नसतोय. काहिलीतला पाक कधी उतरायचा ह्यावर त्याचा डोळा असतोय, दोन मिनटं इकडंतिकडं झाली तर अख्खं आदण वाया. तुमचा गुळव्या रेडिओगत बोलतोय म्हंजे गूळ काळाच व्हनार.

खासबाग_कट्टा | बुधवार, सकाळी ८.०२
चिपाड्या, तुझी मर्डर मिस्ट्री पंचनाम्यातच संपली की रे.

मीनल_शाहूपुरी | बुधवार, सकाळी ८.३०
काकवी, तुम्हाला सिनेमातलं कळत नाही म्हणता आणि तुम्हीच थीम हातात आणून ठेवलीत! किंमत कोण मोजतंय हे मी काल विचारत होते. तो जाळ घालणारा गडी मोजतोय. म्हणजे अण्णांनी पोराला त्या बुडत्या धंद्यातनं सोडवायला गुऱ्हाळ जाळलं, आणि गप्प बसून दुसऱ्याच्या पोराची भाकरी घालवली. आता हा प्रश्न आहे. आपलं पोर वाचवायला दुसऱ्याचं पोर बुडवलं तर बाप म्हणून तो चांगला की वाईट? ह्यावर भांडता येतं.

रिळवाला | बुधवार, सकाळी १०.१५
आणि आता जॉनरचं कोडंही सुटतंय. फिल्म सोसायटीत आम्हाला घोटून घेतलेली गोष्ट सांगतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंद धक्का, बास. पण प्रेक्षकाला आधीच दाखवला असेल तर त्याच फालतू गप्पा ऐकताना पंधरा मिनिटं जीव टांगणीला.
म्हणजे बघा, रहस्यपटात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी माहीत असतं. दुसऱ्या प्रकारात जास्त माहीत असतं. घटना तीच, आग तीच, अण्णा तेच. फक्त प्रेक्षकाला कधी सांगायचं एवढं बदललं की जॉनर बदलतो. तुम्ही ९६ पानावर सांगता. तेच ३० पानावर सांगा. मग पुढचा प्रत्येक सीन, गडी हात जोडून म्हणतोय मी जाळ इझवला होता मालक आणि अण्णा खाली बघतायत, आपोआप तापतो. इन्स्पेक्टर काढून टाका, त्याचं कामच उरलं नाही.

शिवाजी_पेठ_फॉरवर्ड | बुधवार, सकाळी १०.२२
म्हंजे मॅच बघताना निकाल ठाऊक असल्यागत? मजा जातीया की.

रिळवाला | बुधवार, सकाळी १०.४०
निकाल नाही हो. आपल्या गोलकीपरचा गुडघा दुखावलाय हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे आणि मॅच पेनल्टीवर गेलीय. आता बसून दाखवा शांत.

शिवाजी_पेठ_फॉरवर्ड | बुधवार, सकाळी १०.४३
पटलं. पोटात गोळा आला.

संवादवाला | बुधवार, दुपारी ३.००
मला एक शंका आहेच. रहस्य काढून टाकलंत तर पब्लिकला ओढणार कशानं? तेंडुलकरांचा 'सामना' घ्या, जब्बार पटेलांनी केलेला. विषय काय तर साखर कारखान्याचं राजकारण आणि सत्ता. पण पूर्ण सिनेमा एका बेपत्ता माणसाचं काय झालं ह्या प्रश्नावर उभा आहे. तो प्रश्न काढा, उरेल व्याख्यान. रहस्य ही शिडी आहे, तिच्यावरनंच थीमपर्यंत चढता येतं. ऊस तोच, निदान त्यांच्याकडनं एवढं तरी शिका.

रिळवाला | बुधवार, दुपारी ३.३५
उदाहरण चांगलं आहे पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय. तिथं प्रश्न विचारणारा मास्तर आहे, बाहेरनं आलेला, पडलेला माणूस, आणि सदसद्विवेकबुद्धी जागी होते ती त्याची. प्रेक्षकानं त्याच्याबरोबर चालायचं तर त्याच्याइतकंच माहीत पाहिजे, म्हणून तिथं रहस्य चालतं. इथं बोच कुणाला आहे? अण्णांना. ज्याच्या मनातलं जळतंय त्याच्यापासनंच प्रेक्षकाला लांब ठेवलंत तर काय उपयोग. रहस्य वाईट असं मी म्हणतच नाही, गोष्ट प्रदीपची असती तर ठेवा म्हणालो असतो.

संवादवाला | बुधवार, दुपारी ३.५०
हं.
(हा मुंबईच्या ऑफिसातला "हं" नव्हे. खरंच विचार करतोय.)

मीनल_शाहूपुरी | बुधवार, रात्री ९.१०
एक विचारायचं राहिलं. ह्या घरात आई आहे का?

चिपाड_चोर | बुधवार, रात्री ९.१४
आहे की. तीन सीन आहेत तिचे.

मीनल_शाहूपुरी | बुधवार, रात्री ९.१५
काय करते त्यात?

चिपाड_चोर | बुधवार, रात्री ९.३१
चहा आणते.

खासबाग_कट्टा | बुधवार, रात्री ९.३२
🙏

मीनल_शाहूपुरी | बुधवार, रात्री ९.५५
सोळा मिनिटं लागली उत्तर द्यायला, म्हणजे तुम्हालाही कळलंय. अहो चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा रात्री कुठं गेला होता हे कळत नसतं होय? तिला सगळं माहीत असणार. मग ती का बोलत नाही? गडी एक उत्तर आहे, चुलता एक, प्रदीप एक, आई एक. सगळ्यांना तोच प्रश्न घाला आणि प्रत्येकाला आपापलं उत्तर देऊ द्या, भाषण न करता. कुणी गप्प राहून देईल, कुणी गाव सोडून देईल. मग भिंतीवर थीम लिहायची वेळ येत नाही.
बाकी मी स्वतः दोन पटकथा लिहिल्यात आणि दोन्ही कपाटात आहेत, तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

काकवी | गुरुवार, सकाळी ६.१५
आमच्यात गुऱ्हाळात देवाचा फोटो लावलेला असतोय, हंगामाच्या पयल्या दिवशी त्याची पूजा करून मगच चुलवाण पेटवतात. कोण आपल्या हातानं गुऱ्हाळ जाळायला निघालाच तर पयला तो फोटो काढंल. देव आत ठेवून काडी लावनारा माणूस अजून बघितला न्हाई मी. उपयोग झाला तर बघा.

जत्रेतला_वग | गुरुवार, सकाळी ९.००
काकवी, तुम्ही लिहायला लागा राव. आम्ही बसतो गूळ करत.

पेठेतला_पंच | गुरुवार, सकाळी ९.४०
+१. निकाली.

जुना_प्रेक्षक | शनिवार, रात्री ८.३०
चिपाड_चोर तीन दिवस दिसले नाहीत. लिहीत असावेत अशी आशा. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं त्या रात्री मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आजूबाजूला शेकडो माणसं आणि कुणी बोलत नव्हतं. तुमच्या आगीच्या सीनमध्ये लोक आरडाओरडा करत असतील तर थोडा वेळ तरी ते थांबवा.

खासबाग_कट्टा | शनिवार, रात्री ८.४१
काका. 🙏 (ह्यावर विनोद नाही.)

चिपाड_चोर | पुढचा मंगळवार, रात्री १२.२०
आलो. इन्स्पेक्टर काढला. २२ पानं गेली त्याच्याबरोबर, त्यातली चार मला लई आवडायची. गुळव्या आता मोजून सहा वाक्यं बोलतो आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त हसू येतंय. गड्याचं नाव तुका ठेवलंय. आग २८ पानावर. काकवी, तुमचा फोटो घेतला, न विचारता. असा आहे सीन, संवाद एकही नाही (काका बघा):
रात्र. शेवटचं आदण उतरलंय, वाफ्यात गूळ निवायला लागलाय. तुका चुलवाणावर पाणी मारतो, वाकून दोनदा बघतो, जातो. अण्णा एकटे. भिंतीवरचा विठोबाचा फोटो काढतात, काजळी धरलेली काच सदऱ्याच्या बाहीनं पुसतात, फोटो काखेत धरतात. दारापर्यंत जातात. मागं वळतात.
कट. पहाट, घर. आई देव्हाऱ्यापुढं उभी. देवांच्या मागं विठोबाचा फोटो ठेवलाय, जो तिथं कधीच नव्हता. बाहेरनं कुणीतरी ओरडतं, गुऱ्हाळ पेटलं. आई फोटोवर पदर टाकते.
जॉनर काय म्हणून विचारलं तर आता सांगीन, कौटुंबिक गोष्ट आहे पण बसायला जड जाईल. थीम विचारली तर मीनलताईंचं वाक्य ढापणार आहे.

संवादवाला | मंगळवार, रात्री १२.३५
पदर टाकते. च्यायला. माझी माघार.

काकवी | बुधवार, सकाळी ६.०५
फोटो घ्या हो, त्यात काय. फकस्त तुकानं पाणी मारताना चुलवाणाच्या तोंडाशी मारू दे, वरनं न्हवं. आणि त्याला पुढच्या हंगामाला काम मिळतंय का न्हाई ते सांगा.

चिपाड_चोर | बुधवार, सकाळी ७.५०
तेच लिहायचं राहिलंय. दोन शेवट आहेत, दोन्हीत झोप लागत नाही.

मीनल_शाहूपुरी | बुधवार, सकाळी ८.१०
आईचे सीन किती झाले?

चिपाड_चोर | बुधवार, सकाळी ८.१२
नऊ. चहा एकदाच आणते, तोही तुकाच्या घरी जाऊन.